वायरिंगचा नकाशा भिंतीवर लावा

आपल्या चळवळीत "शिका" हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर वही, ग्रंथालय, विद्यापीठ आणि स्पर्धा परीक्षा येते. ते योग्यच आहे. पण पाना, पक्कड आणि मल्टिमीटर त्या चित्रात का येत नाहीत? हा प्रश्न आम्हाला पडला तो एका जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीमुळे. पिंपळवंडीत आमच्या वस्तीतल्या पाच-सहा जणांनी मिळून या गाडीचे सगळे जुने वायरिंग उपसून काढले आणि बाजारात तयार मिळणारा नवा वायरिंग सेट बसवला. त्या कामातून जे समजले ते समाजातल्या तरुणांपुढे मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

पद्मिनी म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. इटलीच्या फियाट ११०० या गाडीवरून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या तयार होऊ लागल्या. १९७४ पासून त्याच गाडीला "पद्मिनी" हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती देशभर ओळखली गेली. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता ही गाडी हौशी श्रीमंतांच्या संग्रहात आणि रॅलीत दिसते.

आमच्या वस्तीतली पद्मिनी मात्र संग्रहातली नाही. आरक्षणातून रेल्वेत नोकरी मिळालेल्या एका काकांनी ती घेतली होती. वस्तीत आलेली ती पहिली चारचाकी. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, तर याच गाडीने नारायणगाव गाठले जायचे. आपला जुन्नर तालुका म्हणजे उसाचा आणि बिबट्यांचा. रात्री उसाच्या कडेने जाताना हेडलाइटचा उजेड ही चैनीची वस्तू नाही, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. काका गेले, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. वायरींचे इन्सुलेशन कडक होऊन तडकले, काही उंदरांनी कुरतडले. भंगारवाल्याने दोनदा येऊन भाव केला. घरच्यांनी आणि आम्ही ठरवले, गाडी चालती करायची.

इंजिनाचे काम निघाले ते परिसरातल्या एका गॅरेजमध्ये झाले. वायरिंगचा विषय निघाला तेव्हा तिथल्या उस्तादांनी सांगितले, "गाडी सोडून जा, महिन्याने या." आम्ही म्हणालो, आम्हाला शेजारी उभे राहून बघायचे आहे. ते हसले. म्हणाले, "वायरिंगचं काम बघायला देत नसतात." त्याच गॅरेजमध्ये आमच्या वस्तीतला एक मुलगा तीन वर्षे कामाला होता. तीन वर्षांत त्याने पार्ट धुतले, चाके खोलली, चहा आणला. वायरिंग निघाले की त्याला पंक्चरच्या कामाला धाडले जाई. तीन वर्षांनी त्याच्या हाताला ग्रीसचा वास होता, पण हॉर्नला करंट कुठून येतो हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

आता उस्तादांची जात कोणती, असा प्रश्न लगेच येईल. आम्ही तो मुद्दाम बाजूला ठेवतो. कारण आपल्यातला एखादा वायरमन, एखादा गवंडी, एखादा बँडमास्टरही हेच करताना आम्ही पाहिला आहे. विद्या आपल्यापुरती ठेवायची, दुसऱ्याला पाठ दाखवून काम करायचे, शिकाऊ पोराला वर्षानुवर्षे पोऱ्याच ठेवायचे, ही सवय या समाजाला जातीने लावली. जात मानणारा आणि जातीविरुद्ध बोलणारा, दोघांच्याही अंगात ती मुरलेली असू शकते.

म्हणून आम्ही सेट विकत आणला आणि काम वस्तीतच करायचे ठरवले. विहाराच्या अंगणात ताडपत्री अंथरली. पुस्तकातल्या माहितीसाठी दहावीतली एक मुलगी आणि हातासाठी गॅरेजमधला तो मुलगा, अशी जोडी केली.

काम कसे झाले ते सविस्तर सांगतो, कारण ज्याला करायचे असेल त्याला ते उपयोगी पडेल. सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडली. एकही वायर काढण्याआधी प्रत्येक जोडाला क्रमांक दिला. वायरीवर एक चिकटपट्टी आणि ती जिथे लागते त्या जागेवर दुसरी, दोन्हींवर तोच आकडा. मोबाइलवर फोटो काढले आणि वहीत आकृती काढली. वायरीच्या रंगावर विसंबलो नाही. तीस-पस्तीस वर्षांत ज्याच्या हाताला जी वायर लागली ती त्याने जोडली होती. मग जुना सेट न कापता अख्खा बाहेर काढला, ताडपत्रीवर पसरला आणि नवा त्याच्या शेजारी ठेवून फांदी न् फांदी ताडून पाहिली. जुन्या गाड्यांत डायनमो असतो, नंतरच्यांत अल्टरनेटर. दोन्हींची जोडणी वेगळी असते. त्यामुळे सेट मागताना दुकानदाराला पहिली माहिती हीच द्यायची.

इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून वायरी जातात. तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याची धार हळूहळू इन्सुलेशन कापते आणि एक दिवस गाडी पेट घेते. ते रबर नवे घातले. जोड पिळून टेप गुंडाळण्याऐवजी टर्मिनल लावून क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबले. गाडीत करंट बॅटरीतून वायरीने जातो आणि परत येतो तो गाडीच्या लोखंडी अंगातून. याला अर्थ म्हणतात. म्हणून अर्थच्या प्रत्येक जागी रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत केला, मगच बोल्ट आवळला. दिवा मंद लागतो तेव्हा लोक बल्ब बदलत बसतात. दोष बहुतेक वेळा अर्थमध्ये असतो.

हेडलाइटपाशी आल्यावर खरी गंमत झाली. ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२० वॅट. बॅटरी १२ व्होल्टची. दहावीतल्या मुलीने क्षणात सांगितले, शक्ती भागिले विभवांतर, म्हणजे १० अँपिअर. गॅरेजमधल्या मुलाने तोंड उघडे टाकले. डॅशबोर्डचा जुना स्विच हात लावला की गरम लागतो हे त्याला माहीत होते, पण का लागतो हे त्याला त्या आकड्याने समजले. आणि तिलाही त्या गरम स्विचमुळे कळले की विज्ञानाच्या पुस्तकातला करंट खरोखर चटका देतो. मग रिले बसवली. स्विचमधून थोडा करंट रिलेला जातो आणि दिव्याचा मोठा करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे रिलेतून थेट दिव्याला मिळतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज घातला. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो. तो वायरीला जळू देत नाही, म्हणून तो वायर बघून निवडायचा.

शेवटी बॅटरी एकदम जोडली नाही. निगेटिव्ह टोक आणि केबल यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. सगळे स्विच बंद असताना हा बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, असे समजायचे. बल्ब करंट अडवून धरतो, त्यामुळे वायर जळत नाही. आमचा बल्ब पेटला नाही. मग केबल जोडली आणि एकेक फ्यूज घालून एकेक दिवा तपासला. इंजिन सुरू झाल्यावर मल्टिमीटरने बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास आकडा दाखवला. हेडलाइट लागले तेव्हा समोरच्या विहाराची भिंत उजळली.

आता मूळ मुद्दा. सूत्र ठाऊक असलेल्या मुलीने त्याआधी कधी मल्टिमीटर हातात धरला नव्हता. पाना धरणाऱ्या मुलाला कुणी सूत्र सांगितले नव्हते. डोके एकीकडे आणि हात दुसरीकडे, ही फाळणी कुणी केली? जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली "जातिभेद निर्मूलन" मध्ये दाखवून दिले. माणसाला एका कामातून दुसऱ्या कामात जाऊ न देणारी व्यवस्था बेकारी निर्माण करते, हेही त्यांनी तिथेच मांडले. मुंबईच्या कापड गिरण्यांत याचा पुरावा होता. विणकाम खात्यात पगार चांगला. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून ते खाते आपल्या लोकांना बंद. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. तेव्हा धागा होता, आज वायर आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्याच तालुक्यात, दगडात कोरलेले आहे. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कांस्यकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हाताने काम करणाऱ्यांच्या संघटनांकडे लोक विश्वासाने ठेवी ठेवत आणि बुद्धाच्या धम्मात त्यांची नोंद लेण्याच्या भिंतीवर होत असे. पुढे त्याच कारागिरांना शूद्र, अतिशूद्र ठरवून भिंतीबाहेर कुणी काढले, हे वाचकांना सांगायला नको.

काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनी साहेब व्हायला सांगितले, मिस्त्री व्हायला नाही. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. गावकीची, मेलेली ढोरे ओढण्याची, मैला वाहण्याची कामे सोडा, हा आदेश पाळूनच आपण माणसात आलो. पण लादलेले काम सोडणे वेगळे आणि नाकारलेली विद्या मिळवणे वेगळे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याची जबाबदारी बाबासाहेबांकडे होती. तंत्रशिक्षण आणि वीज हे विषयही त्याच खात्यात होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरणावर बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक वीज, त्यातून उद्योग आणि उद्योगांतून गरिबीतून सुटका, अशी मांडणी केली. विजेचा विचार करणारा नेता आपला, आणि आपल्या पोराने वायरीला हात लावायचा नाही?

आमचे म्हणणे आयटीआय विरुद्ध विद्यापीठ असे नाही. दोन्ही हवे, आणि दोघांनी एकमेकांशी बोलायला हवे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आपली मुले तिथे जाऊन प्रदर्शन बघतात. ती दुर्बीण इतके क्षीण संदेश ऐकते की पेट्रोल गाडीच्या प्लगची ठिणगीही तिच्या लेखी गोंगाट असते. आपल्या मुलांनी तिथे बघे म्हणूनच जायचे की अँटेनेच्या केबलला हात लावणारे तंत्रज्ञ आणि शास्त्रज्ञ म्हणूनही?

तरुणांनो, वस्तीत ज्याला जे काम येते त्याने ते बंद दाराआड करू नये. मोटर बांधता येते, बोअरची केबल जोडता येते, सोलर बसवता येते, तर त्याची आकृती कागदावर काढा, क्रमांक द्या आणि विहाराच्या भिंतीवर लावा. मुली आणि मुले दोघांनाही शेजारी उभे करा. पहिला जोड त्यांच्या हाताने करून घ्या. एक मल्टिमीटर आणि एक क्रिम्पिंगची पक्कड वर्गणीतून घ्या आणि ती कुणा एकाच्या घरी ठेवू नका. जयंतीच्या डीजेवर जो खर्च होतो त्याच्या एका छोट्या हिश्श्यात हे होते.

आमच्या पद्मिनीची आकृती मुलीने चार कार्डशीट जोडून मोठी काढली आहे. ज्याला तिची प्रत हवी असेल त्याने यावे, मोबाइलवर फोटो काढून न्यावा. आमच्यापैकी कुणीही पाठ फिरवून उभे राहणार नाही.

जय भीम!