मुलांनाही वाफसा हवा

शेतीच्या पानावर खेळाची गोष्ट कशाला, असे आपणांस वाटेल. पण घरातली पोरे हेही आपले पीकच आहे, आणि त्याची मशागत चुकली तर तो हंगाम पुन्हा हाती येत नाही.

कोरोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शेतीची कामे मात्र थांबली नाहीत, म्हणून आमची फिरतीही चालू राहिली. त्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी फार आल्या. पाहणीला भोकरदनकडच्या गावांत गेलो की हायस्कूलची पोरे बांधावर भेटत. आधी त्यांना सुट्टीचा आनंद होता. पुढे एका मोबाइलभोवती चौघे माना घालून बसलेले दिसू लागले. मुली तर बांधावरही दिसेनाशा झाल्या.

एका घरी चहा घेताना माउली सहज बोलून गेली, "शाळा नाही, खेळ नाही. पोरगी घरात बसून काय करणार? स्थळ आलंय." मुलगी नववीत, शाळेच्या खो-खो संघातली. मी तिच्या सरांना कळवले. आम्ही दोघे तिच्या वडिलांकडे गेलो. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे, हे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण पटल्यासारखे दिसेना. मग सर म्हणाले, "पाटील, आठ जणींवर खो-खो होत नाही. नववीची जागा मी हिच्यासाठी ठेवली आहे." वडील बराच वेळ गप्प बसले. लग्न थांबले.

मंडळी, खेळाची किंमत मला तिथे कळली. आपली कोणीतरी वाट पाहत आहे, हे मुलाला पुस्तकापेक्षा मैदान लवकर सांगते.

आपल्या काळ्या रानात पाणी साचले की पीक पिवळे पडते, कारण मुळांना हवा मिळत नाही. पाणी आणि हवा यांचा मेळ बसला की आपण त्याला वाफसा म्हणतो. मुलांचेही तसेच आहे. अभ्यास हे पाणी, खेळ ही हवा. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी.

साथीत खबरदारी हवीच होती. कबड्डीसारखा अंगाला अंग भिडणारा खेळ थांबवणे योग्यच होते. परंतु हा रोग कोंदट खोलीत जास्त पसरतो, मोकळ्या हवेत कमी. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग टप्प्याटप्प्याने उघडू लागले, तरी मैदाने ओसच राहिली. अंतर राखून धावणे, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, लांब उडी एवढे तरी चालू ठेवता आले असते. त्याला ना खर्च, ना गर्दी.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे शेतकरी घरातला. लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर तो चालत, धावत जाई. टोकियो ऑलिंपिक साथीमुळे एक वर्ष लांबले. तेथे २०२१ मध्ये त्याने ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत राष्ट्रीय विक्रम केला, आणि २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. प्रत्येक पोर साबळे होणार नाही. पण पडून पुन्हा उठायची सवय ज्याला मैदानावर लागली, तो नापिकीच्या वर्षातही लवकर सावरेल.

म्हणून एक विनंती. संध्याकाळी धारा काढायच्या वेळी एक तास पोरांना मोकळे सोडा, पोरींना आधी सोडा. शाळेच्या मैदानावर कुणाचा कडबा, कुणाची गंजी असेल तर ती हलवा. आणि कोणाच्या घरी अल्पवयीन मुलीचे लग्न ठरत असेल तर १०९८ या क्रमांकावर कळवा. पुन्हा कधी साथ आली तर शाळेला कुलूप लागेलही. मैदानाला लागू देऊ नका.