बुंध्यापाशी बसून

संत्र्याचं दुखणं शेंड्यावर दिसतं, पण असतं बुंध्यात. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, वरून फांद्या वाळायला लागतात, आणि मग एखाद्या वर्षी झाड अंगावर मावणार नाही इतकं फुलतं. नवीन बागवाला त्या फुलांवर खूश होतो. जुना माणूस मात्र चपापतो. मरणाला टेकलेलं झाड असंच फुलतं, फळं बोरासारखी बारीक धरतं आणि पुढच्या हंगामाला राहत नाही. असं झाड दिसलं की मी वर बघत बसत नाही. बुंध्यापाशी बसतो आणि हातानं माती बाजूला करतो.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या आमच्या पट्ट्यात या रोगाला डिंक्या म्हणतात. कलमाच्या जोडाजवळ साल ओलसर, काळपट होते, उभी तडकते आणि तिथून डिंक ओघळतो. हा डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून भर पावसात रोग आत चालू असला तरी खोड वरून स्वच्छ दिसतं. उघडीप पडली की मग डिंकाचे थेंब दिसतात आणि लोक म्हणतात, रोग आत्ता आला. तो कधीचाच आलेला असतो.

डिंक्या पाण्यानं येतो. त्याचं कारण असलेल्या फायटोप्थोराला आपण बुरशी म्हणतो. शास्त्रज्ञ तिला आता खऱ्या बुरशीत धरत नाहीत, पण बागेत खरी गोष्ट एवढीच, की तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. मातीत पाणी साचलं की ते सुटतात आणि कोवळ्या मुळांकडे जातात. आमची जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. त्यात पाट सोडून बुंध्याभोवतीचं आळं तुडुंब भरायची जुनी सवय. आपणच रोगाला वाट करून देतो.

माझ्याकडे सल्ला विचारायला येणारी तरुण मुलं पहिला प्रश्न विचारतात, "काका, कोणतं औषध मारू?" मी विचारतो, "पाणी कुठं थांबतं?" उतार कुणीकडे आहे, चर मोकळे आहेत का, ठिबकच्या नळ्या खोडाला चिकटून आहेत की घेराच्या कडेला, हे आधी. पाटानं पाणी द्यायचं असेल तर दुहेरी आळं करा: आतलं खोडाभोवती, कोरडं, पाणी फक्त बाहेरच्या गोलात. डवरणी करताना बुंध्यावर माती चढवू नका, शेणखताचा ढीग खोडाला लावू नका. कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर, आणि तो जन्मभर वरच राहिला पाहिजे. खालचा जंबेरीचा किंवा रंगपूर लाईमचा खुंट रोगाला थोडं तरी तोंड देतो, वरच्या संत्र्याची साल देत नाही. 1830 च्या दशकात अझोर्स बेटांवर संत्र्याच्या बागा याच दुखण्यानं गेल्या आणि त्यानंतर जगभर सोशिक खुंटावर कलम करण्याकडे लोक वळले. तो खुंट मातीत गाडून टाकायचा म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं शहाणपण गाडायचं.

कलम घेतानाही बघावं. शेंदूरजनाघाटकडून कलमा आणतात, चांगल्याही मिळतात. पण पिशवी फाडून मुळं धुऊन बघायला लाजू नये. बारीक मुळाची साल बोटानं ओढल्यावर मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरला, तर ती कलम फुकट मिळाली तरी घरी आणू नये. रोग मातीसकट येतो आणि एकदा मातीत बसला की वर्षानुवर्षं जात नाही.

झाड लागलंच, तर धारदार चाकू घ्यावा. काळपट साल खरवडत जावं, चांगली पांढरट-हिरवी साल लागेपर्यंत, आणि तिच्यातही थोडं आत. खरवडलेले तुकडे पोत्यावर गोळा करून बागेबाहेर जाळावेत, बुंध्याशी पडू देऊ नयेत. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणानं धुवावी, मग बोर्डो मलम. हे काम मला आवडतं. घाईच्या माणसाचं ते नाही. 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटर पाण्यात, दोन्ही रात्रभर प्लास्टिकच्या बादल्यांत. लोखंडी भांडं चालत नाही. सकाळी चुना फडक्यातून गाळावा आणि दोन्ही धारा एकदम तिसऱ्या बादलीत सोडत ढवळत राहावं. निळा रंग सुरेख जमला तरी विश्वास ठेवू नये. विळ्याचं पातं बुडवून पाहावं. पात्यावर तांब्याचा लाल थर आला तर मोरचूद मोकळा आहे, साल भाजेल. आणखी चुना घालावा. मलम त्याच दिवशी संपवावं. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळा सरल्यावर एकदा, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत, खाचाखोचांत ब्रश फिरवून. पियेर मिलार्दे यांनी 1885 साली फ्रान्समध्ये हे मिश्रण पुढं आणलं ते द्राक्षांच्या केवड्यासाठी, पण आमच्या संत्र्याचं खोड आजही त्यावरच तगून आहे.

रोग मुळापर्यंत गेला असेल तर मेटॅलॅक्झिल-मँकोझेबची आळवणी किंवा फोसेटिलची फवारणी करावी लागते. फोसेटिल पानांवर मारलं तरी मुळांपर्यंत उतरतं, हा त्याचा मोठा गुण. मात्र ते तांब्याच्या औषधात मिसळू नये. ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून द्यायचा तर रासायनिक आळवणीपासून लांब ठेवावा, नाहीतर तो, स्वतः बुरशीच असल्यानं, बुरशीच्या औषधानं मरतो. आणि खोडाची साल चहूबाजूंनी गेली असेल, तर त्या झाडावर खर्च करू नये. ते मुळासकट काढावं, खड्डा उन्हात तापू द्यावा. मनाला लागतं, पण शेजारची झाडं त्यानं वाचतात.

यंदा औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात जाण्याआधी एवढं करा: पहिला मोठा पाऊस चालू असताना बागेत जा आणि पाणी कुठं थांबतं ते बघून त्याच दिवशी तिथं चर काढा.