राबत्या घराच्या खुणा

चित्रपटातील घर कशामुळे खरे वाटते, असे विचारल्यास पुष्कळ रसिक तेथील वस्तूंची नावे सांगू लागतात. जाते, उखळ, कंदील, देवांच्या तसबिरी. वस्तू जितक्या अधिक तितके घर खरे, अशी एक समजूत रूढ आहे. आम्हांस ती पटत नाही. वस्तूंनी घर भरते. ते खरे होते वापराच्या खुणांनी.

चंद्रपूर, गडचिरोली व लगतच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर नाटके रंगतात. वडसा हे त्या मंडळ्यांचे माहेरघर. या रंगभूमीच्या सेवेबद्दल परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेथे रंगविलेला पडदा सुटला की राजवाडा उभा राहतो; वाऱ्याने पडदा हलला तर राजवाडाही हलतो, आणि कोणास त्याचे काही वाटत नाही. उरलेला वाडा प्रेक्षक आपल्या मनाने बांधून घेतो.

कॅमेरा मात्र ही सवलत देत नाही; तो थेट भिंतीपाशी जातो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी हे फार लवकर ओळखले. नाटकांचे पडदे रंगविण्यात ज्यांचा हात बसलेला, त्यांनीच चित्रपटात पडद्याऐवजी भरीव देखावे उभारले आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’मध्ये गरीब शेतकऱ्याचे जिणे दाखविले. त्यांच्याच तालमीतील दामले व फत्तेलाल यांनी पुढे १९३६ साली ‘संत तुकाराम’ हा चित्रपट दिला.

या कलेतील कारागीर कोरे कापड चहाच्या पाण्यात बुडवून जुने करतात. परंतु खरे कसब पुढेच आहे. चौकटीवर जेथे हात टेकतो तेथेच तेलकट डाग हवा. चुलीच्या वरच काजळी हवी. मळ सगळीकडे सारखा फासला की तो मळ राहत नाही, रंग होतो.

अरण्यातील घरास याखेरीज ऋतूची खूण असते. चैत्राच्या सुमारास अंगणात मोहाची फुले वाळत पडतात. वैशाखात तेंदूपानांचे पुडे बांधण्याची घाई असते. पावसाळ्यात यांपैकी काहीच तेथे नसते. गडचिरोलीकडील एका खेड्यात आम्ही शेजारच्या आजीबाईंसह दूरदर्शन संचावर एक चित्रपट पाहत होतो. पडद्यावर धो धो पाऊस, आणि झोपडीपुढे मोहफुले पसरलेली. आजीबाई कळवळून म्हणाल्या, “फुलं भिजून राह्यली, अन् थे बाई उचलत काऊन नाही?”

कलादिग्दर्शकाने ती फुले शोभेकरिता मांडली असावीत. आजीबाईंस मात्र त्यांत वर्षाची बेगमी दिसत होती, आणि ती भिजू देणारी स्त्री त्यांच्या लेखी एक तर वेडी, नाही तर आळशी. शहरातील प्रेक्षकास ही चूक दिसणार नाही, हे खरे. पण म्हणून ती किरकोळ ठरत नाही. घर खोटे मांडले की त्यात राहणारे माणूसही खोटे पडते, आणि ज्यांचे जिणे दाखवावयाचे ते लोक नुसती सजावट होऊन बसतात.

अरण्यातील माणसे मुळात चित्रपटात क्वचितच येतात. ती येतील तेव्हा त्यांच्या अंगणात कोणता महिना चालू आहे, एवढे तरी मांडणाऱ्याने त्यांच्यापैकीच कोणास विचारून घ्यावे.