थबकलेलं कुत्रं

दोन अनोळखी कुत्री समोरासमोर येतात, अर्धवर्तुळ घेत जवळ जातात, तोंडाचा वास घेऊन होतो, बगलेचा होतो, शेपटाखालचा सुरू होतो, आणि मग त्यांतलं एक थबकतं. अंगातली सगळी हालचाल बंद. हा क्षण अर्ध्या सेकंदाचा, फार तर एका सेकंदाचा. त्यानंतर एकतर ते अंग झटकून पुढच्या झुडपाकडे निघतं, नाहीतर दोघांचे जबडे एकमेकांच्या मानेत असतात. कुत्री फिरवण्यात आणि शिकवण्यात माझं बहुतेक आयुष्य गेलं. त्यात मला झोपेतही न सोडणारा प्रश्न हा एकच. हे थबकणं कुठलं?

बाकीचं डोळ्यांना सवयीने कळतं. झोप नसताना आलेली जांभई, नाकावरून फिरून गेलेली जीभ, मध्येच आठवल्यासारखं जमीन हुंगणं, मान वळवून घेणं. नॉर्वेच्या टुरिड रुगास यांनी या खुणा एकत्र करून त्यांवर पुस्तक लिहिलं आणि आमच्या धंद्याला बोलायला भाषा दिली, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. पण या सगळ्या हालचाली आहेत. कुत्रं काहीतरी करतं, आपण ते बघतो. थबकलेलं कुत्रं काहीच करत नसतं, आणि नेमकं तेच वाचायचं असतं.

माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आला. चहाचा कप धरता येतो, पण मोठ्या कुत्र्याचा झटका त्या सांध्याला सोसवत नाही. डॉक्टरांनी पट्टा धरायचाच नाही, असं सांगितलं. माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा आहे, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत वाढलेला. त्याच्या हातात मी पट्टे दिले आणि स्वतः रिकाम्या हातांनी शेजारून चालू लागले. तळजाईवर, वेताळ टेकडीवर, कधी पाषाणच्या बाजूला. हात रिकामे असण्याची मला लाज वाटायची. टेकडीवरचे नेहमीचे लोक विचारायचे, आणि उत्तर देताना माझा आवाज बदलायचा.

मात्र शेजारून चालायला लागल्यावर मला पहिल्यांदा तोंड दिसलं. पट्टा ज्याच्या हातात आहे त्याला कुत्रं मागून दिसतं. पाठ, कानांची मागची बाजू, शेपूट. समोरून येणाऱ्या कुत्र्याचं तोंड दिसतं, आपल्याचं नाही. म्हणूनच आम्ही फिरवणारी माणसं शेपटाबद्दल इतकं बोलतो.

आणि शेपूट फसवतं. इटलीत वालोर्तिगारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली दाखवून दिलं, की मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकून हलतं आणि दांडगट अनोळखी कुत्रं दिसलं की डावीकडे. ते वाचून मी कित्येक दिवस शेपटांच्या मागे लागले होते. पण त्यांची कुत्री एका जागी, खोक्यात होती आणि वर कॅमेरा होता. टेकडीच्या चढावर, पट्टा एका बाजूला ओढलेला असताना, लॅब्रॅडॉरचं अख्खं बूडच शेपटासोबत डोलत असताना उजवं-डावं कोण मोजणार? त्यातून आपल्या देशी कुत्र्याचं शेपूट जन्मतःच वर वळलेलं. ज्याला हे ठाऊक नाही त्याला रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं अंगावर यायच्या बेतात वाटतं. हस्कीचं तेच, पगचं तर चक्राकार. आणि डोबरमनचं शेपूट कापून टाकलेलं. हे कापणं मला सहन होत नाही. कॅनडात 2008 साली एका यांत्रिक कुत्र्याला लांब आणि आखूड अशी शेपटं लावून बघितली. लांब शेपूट हलत असलं तर मोठी कुत्री जवळ यायची, स्थिर असलं तर कमी यायची. आखूड शेपटाच्या बाबतीत हलतंय की नाही याने काही फरक पडेना. दिसण्याच्या हौसेपायी आपण एका प्राण्याची अर्धी बोली तोडून टाकतो, आणि मग तो भांडखोर आहे असं सोसायटीच्या सभेत सांगतो.

तर तोंड. हसरं, सैल, जीभ बाहेर असलेलं तोंड थबकण्याच्या किंचित आधी मिटतं. हे मिटणं पाठीमागून दिसत नाही. मिटल्यावर ओठांचे कोपरे कुठे जातात तेही बघायचं असतं. पुढे आले, ओठ आखूड झाले, मिशांचे केस पुढे रोखले गेले आणि वजन पुढच्या बोटांवर गेलं, तर ते कुत्रं तयारीत आहे. कोपरे मागे खेचले गेले, ओठांची लांब रेघ झाली, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागलं आणि वजन मागच्या पायांवर गेलं, तर ते घाबरलंय. आणि जे नुसतं स्वतःचा वास घेऊ देतंय, तेही स्थिरच उभं असतं, पण त्याचा एखादा कान मागच्या कुत्र्याकडे वळत राहतो आणि डोळा मिटतो-उघडतो. मानेवरचे उभे केस मी यात धरत नाही. ते उत्सुकतेनेही उभे राहतात आणि भीतीनेही. कुत्र्याच्या ते हातात नसतं.

एवढं मांडता येतं म्हणजे प्रश्न सुटला, असं कोणाला वाटेल. तसं नाही. घाबरून थबकलेलं कुत्रं एकही स्नायू न हलवता तयारीतलं होतं. मी ते शेजारून, चांगल्या उजेडात, हातभर अंतरावरून बघितलंय. वजन मागे, डोळा पांढरा, आणि पुढच्या क्षणी दात. मधली पायरी मला दिसली नाही.

डार्विनने 1872 साली भावनांच्या आविष्कारावर पुस्तक लिहिलं. त्यात चाल करून जाणारं कुत्रं आणि लाडात आलेलं कुत्रं यांची चित्रं आहेत, एकमेकांच्या बरोबर उलट. एकाचं सगळं ताठ आणि उंच, दुसऱ्याचं सगळं लवलेलं. ती चित्रं अजूनही आमच्या कामाचा पाया आहेत. पण थबकलेलं कुत्रं त्यांतल्या एकाही चित्रात बसत नाही, कारण त्याने अजून ठरवलेलंच नसतं. ते समोरच्याला विचारत असतं. समोरच्याने मान वळवली, एक पाऊल बाजूला टाकलं, तर उत्तर मिळालं आणि गाठ सुटली. समोरच्याने रोखून बघितलं किंवा मानेवर हनुवटी टेकवली, तर दुसरं उत्तर. म्हणजे आपल्या कुत्र्याच्या अंगात जे शोधायचं ते निम्मं समोरच्याच्या अंगात असतं. आणि दोन्ही अंगं एकाच वेळी बघायला डोळे पुरत नाहीत.

त्यात तिसरं अंग येतं, ते पट्टा धरणाऱ्याचं. माणूस घाबरला की पट्टा आखडतो. आखडला की कुत्र्याची छाती वर उचलली जाते, वजन पुढे जातं, मान वळवायला जागा उरत नाही. म्हणजे आपणच त्याला चाल करणाऱ्या कुत्र्याच्या चित्रात उभं करतो, आणि समोरचं कुत्रं ते चित्र खरं मानून चालतं. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या संशोधकांनी 2011 साली फिरायला आणलेल्या कुत्र्यांच्या भेटी बघून लिहिलं, की पट्ट्यावरच्या कुत्र्यांत धमकावण्याचे प्रकार मोकळ्यांपेक्षा दुपटीने जास्त होतात. टेकडीवरच्या कुठल्याही जाणत्या माणसाला हे पटेल. स्वतः लांब होणाऱ्या आणि गुंडाळल्या जाणाऱ्या पट्ट्याने तर ही भेट सुरूच वाईट होते. तो कायम किंचित ताणलेला असतो, त्यामुळे कुत्र्याला सैलपणा म्हणजे काय ते कळतच नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी तो पट्टा पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला लावते.

हल्ली शहरात नवे ट्रेनर फार झालेत. त्यांतले काही अजून ‘अल्फा’चा मंत्र जपतात, कुत्र्याला काटेरी साखळी घालतात आणि थबकलं की झटका देतात. ज्या डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकातून ही कल्पना पसरली, त्यांनीच 1999 साली ती लांडग्यांच्या बाबतीत मागे घेतली. मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि पिल्लं, असं त्यांनी लिहिलं. कोणी हे वाचत नाही. झटक्याने कुत्रं शांत दिसायला लागतं, हे खरं. पण ते गुरगुरणं सोडून देतं, ओठ उचलणं सोडून देतं, आणि एक दिवस थबकण्यातून सरळ चावण्यावर जातं. असं कुत्रं माझ्याकडे आणलं की माझा संताप होतो. इशारे दिल्याबद्दल ज्याला शिक्षा झाली, त्याला इशारे परत शिकवायला महिनोन्‌महिने जातात. काहींना ते परत येतच नाहीत. दुसरे ट्रेनर मोबाइलवर मंद गतीतल्या चित्रफिती दाखवतात, कानावर बाण, शेपटावर बाण. त्यांचा हेतू चांगला असतो. पण अर्धा सेकंद दहा सेकंदांचा करून बघितलेला माणूस टेकडीवर येतो तेव्हा त्याच्या हाती पुन्हा अर्धाच सेकंद असतो.

आणि कुत्र्यांचंही बोलणं खुंटत चाललंय, असं माझं मत आहे. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं, हे स्कॉट आणि फुलर यांनी 1965 च्या ग्रंथात मांडलं. आपल्याकडे नेमक्या त्या आठवड्यांत पिल्लू आईपासून तोडून विकलं जातं आणि लसी पूर्ण होईपर्यंत सातव्या मजल्यावर ठेवलं जातं. खाली उतरतं तेव्हा त्याला वळसा घेऊन जायचं असतं हेच ठाऊक नसतं. ते सरळ नाकाच्या रेषेत धावत जातं, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस लांबून ओरडतो, “आमचा फ्रेंडली आहे हो!” रस्त्यावरची, कानाला खाच असलेली कुत्री बघावीत. दोन गल्ल्यांची कुत्री भेटतात तेव्हा ती वीस-तीस फुटांवर थांबतात. एक आडवं उभं राहतं, दुसरं जमीन हुंगतं, कोणीतरी कडेच्या दगडावर मुततं. थबकणं असतं, पण ते दूर असतं. दोघांनाही निघून जायला रस्ता मोकळा असतो. आमच्या घरी दत्ताची एक जुनी तसबीर आहे. तिच्यातली चारही कुत्री वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून उभी आहेत. त्या चित्रकाराला कुत्री माहीत होती.

आता त्या मुलाबद्दल. आमच्या धंद्यात तीनाचा एक नियम आहे. भेट झाली की मनात एक, दोन, तीन म्हणायचं आणि पट्टा सैल ठेवूनच, गोड आवाजात हाक मारत, चालायला लागायचं. कुत्री सुटतात, हवं तर पुन्हा भेटतात. या नियमाला वाचन लागत नाही. थबकणं येण्याआधीच तुम्ही निघालेले असता. तो मुलगा हा नियम पाळतो, आणि त्याच्या हातून कधी काही बिघडत नाही. सुरुवातीला मी त्याला थांबवायचे. म्हणायचे, “अरे, थांब जरा, बघ तरी काय म्हणतायत ती.” तो म्हणायचा, “ताई, कशाला? चाललंय ना नीट.”

त्याचं म्हणणं कुत्र्यांच्या हिताचं आहे, हे मला कळतं. तरी ते मला लागलं. मला वाचायला आवडतं. ‘आता हा अंग झटकेल’ असं मी म्हणावं आणि त्याने झटकावं, बाजूच्या माणसाने माझ्याकडे वळून बघावं, हे मला फार आवडत आलंय. टेकडीवर लोक मला हाक मारून विचारतात, यांना भेटू देऊ का, आणि मी दुरूनच मान हलवते. त्या मान हलवण्यासाठी मी पहाटे उठत आले, असंही म्हणता येईल. एक-दोन-तीनने जे होतं त्यासाठी माझी गरज उरत नाही, हे मान्य करताना अजूनही जड जातं.

पण काही कुत्र्यांना तीनही जास्त असतात. सध्या आमच्याकडे एक कारवान जातीची कुत्री येते. लांब पायांची, पातळ कातडीची, सोलापूरकडून आणलेली. ती नाक लागल्याबरोबर थबकते. मुलगा अजून ‘एक’वर असतो. तिचं तोंड तसं मिटलेलंच असतं, शेपूट खाली, कान मागे चिकटलेले, म्हणजे माझ्या सगळ्या खुणा तिच्याकडे आधीपासूनच लागलेल्या. तिच्यात बदल कुठे होतो ते मी शोधत बसते. तिच्या बरगड्या उघड्या दिसतात, म्हणून मला तो सापडला. नुसता वास घेऊ देत असली तर बरगड्या हलत राहतात. ज्या वेळी प्रकरण बिघडतं त्याच्या आधी त्या हलायच्या थांबतात. श्वास धरला जातो, आणि हे बाकी सगळ्याच्या आधी होतं.

मी हे मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “ते मला पट्ट्यातून कळतं, ताई.” कसं, ते त्याला सांगता आलं नाही. पट्टा सैल असताना श्वास हाताला कसा कळावा? मी त्याला नाही म्हटलं. मग एकदा त्याला डोळे मिटायला लावून, दुसरं ओळखीचं, समजूतदार कुत्रं जवळ आणून बघितलं. ती थबकली. बरगड्या चालू होत्या. तो म्हणाला, “श्वास चालू आहे.” पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. कदाचित तिच्या पायांचा आवाज, कदाचित हार्नेसच्या कडीची बारीकशी हालचाल. माझ्या हातात पट्टा असता तर मी स्वतः करून बघितलं असतं. आता तो बघत नाही ते मी बघते आणि मला धरता येत नाही ते तो धरतो, आणि दोघांना मिळून अर्ध्या सेकंदात एकमेकांना काही सांगायला वेळ नसतो. म्हणून आम्ही खूण ठरवली. बरगड्या थांबलेल्या दिसल्या की मी चालायला लागते. काही न बोलता. तो माझ्या पायांकडे लक्ष ठेवतो आणि कुत्रीला घेऊन मागे येतो.

केसाळ कुत्र्यांवर हे चालेल का, हा पुढचा प्रश्न. गोल्डन रिट्रीव्हरच्या, हस्कीच्या केसांखाली बरगड्या मला दिसत नाहीत. पाऊस सुरू झाला की केस अंगाला चिकटतात. तेव्हा तळजाईच्या वरच्या सपाटीवर, लोक कमी असताना, अशी दोन केसाळ कुत्री घेऊन जायचं ठरवलंय.