कॅमेऱ्याचा ऑटो मोड आणि आपले चेहरे



दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावात निळा झेंडा लावण्यावरून आपल्या वस्तीवर दगडफेक झाली. आम्ही चार कार्यकर्ते सत्यशोधनासाठी पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. फुटलेले पत्रे, उखडलेला झेंड्याचा ओटा, एका दारात जळालेली मोटारसायकल आणि गल्लीभर दगड. माझ्या गळ्यात मित्राचा डीएसएलआर कॅमेरा होता. तासाभरात मी दीडशेच्या आसपास फोटो काढले. सकाळी पाहतो तर गल्ली झाडून लख्ख. गावात शांतता समितीची बैठक होती, त्याआधीच कुणीतरी दगड उचलून नेले होते. म्हणजे आता दगड उरले होते ते फक्त माझ्या कॅमेऱ्यात.

पुण्यात परतल्यावर आमच्या वकील ताईंसमोर लॅपटॉप उघडला. एकेक फोटो पुढे सरकत गेला. सगळे हललेले, काळपट, एकात एक मिसळलेले. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ, हे दगड आहेत की गोवऱ्या?"

मित्रहो, गेली पंधरा वर्षं मी मंचावरून सांगत आलोय की इथला मीडिया मनुवादी आहे, तो आपल्या वस्तीत येत नाही, आला तरी आपलं खरं दाखवत नाही. ते खोटं नाही. पण त्या संध्याकाळी मीडिया तिथे नव्हताच. मी होतो. कॅमेरा माझ्या हातात होता आणि तो वापरायचा कसा हे मला येत नव्हतं. यात दोष कुणाला देणार?

म्हणून बेचाळिसाव्या वर्षी मी नवशिक्यांच्या डिजिटल फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं. आठ रविवार, फी दोन हप्त्यांत. वर्गातली बाकीची मुलं माझ्या मुलीच्या वयाची. कुणाला पक्षी टिपायचे होते, कुणाला लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. मला दगड दगडासारखा दिसायला हवा होता.

पहिल्या दोन रविवारांत कळलं की फोटो म्हणजे शेवटी उजेडाचा हिशोब आहे आणि तो तीन जागी होतो. ॲपर्चर म्हणजे भिंगातलं भोक किती उघडं आहे; त्याचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. शटर स्पीड म्हणजे ते दार किती वेळ उघडं राहतं. आणि आयएसओ म्हणजे आत आलेल्या उजेडाची खूण सेन्सर किती वाढवून घेतो. एकाचं कमी केलं की दुसऱ्याचं वाढवावं लागतं. फुकट काही मिळत नाही.

तिसऱ्या रविवारी मी सरांना ते जुने फोटो दाखवले. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात त्याची कुंडली असते: तारीख, वेळ, तिन्ही आकडे. सरांनी ती उघडली. ॲपर्चर एफ/४, शटर १/८ सेकंद, आयएसओ ४००. मित्राने दिवसा लग्नं काढण्यासाठी आयएसओ ४०० वर बांधून ठेवला होता आणि बाकीचं कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडलं होतं. अंधार पडल्यावर कॅमेऱ्याने उजेड गोळा करायला दार १/८ सेकंद उघडं ठेवलं. तेवढ्या वेळात माणसाचा हात हलतोच, आणि माझा तर रागाने थरथरत होता. सरांनी फळ्यावर मांडलं: आयएसओ ८०० केला असता तर १/१५, १६०० ला १/३०, ३२०० ला १/६०. फोटोत दाणे आले असते, पण दगड दिसले असते. एक चाक तीन वेळा फिरवायचं काम. ते मला येत नव्हतं म्हणून दीडशे पुरावे गेले. तो खटला आज उभा आहे; माझे फोटो त्यात नाहीत.

चौथा रविवार प्रकाशमापनाचा होता. इथे मात्र माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. कॅमेऱ्यातला मीटर जगाकडे बघतो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो: समोर जे काही आहे त्याची सरासरी मध्यम करडी आहे, सुमारे १८ टक्के उजेड परत फेकणारी. समोर पांढरं जास्त आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळं दृश्य काळवंडून टाकतो. समोर गडद जास्त आलं की तो उलटं करतो, सगळं फिकट करून ठेवतो.

आता १४ एप्रिल आठवा, ६ डिसेंबर आठवा. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, त्यात आपल्या आयाबहिणींचे उन्हात रापलेले चेहरे. आमच्या घरी विहारातल्या वंदनेचे वीस-पंचवीस वर्षांचे ग्रुप फोटो आहेत. प्रत्येकात साड्या झगझगीत आणि चेहऱ्यांच्या जागी काळे ठिपके. माझी आई फोटो पाहून हसायची, "आपण काळेच, फोटो काय करील?" तिच्या हयातीत मला उत्तर माहीत नव्हतं. आई, दोष तुझ्या रंगाचा नव्हता. मीटर साडीकडे बघत होता. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन नावाचं बटण अधिक एकवर नेलं असतं तर तुझे डोळे दिसले असते.

कुणी म्हणेल, यंत्राला कुठली जात आणि कुठला रंग? यंत्राला नसेल, पण यंत्र बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर कुणीतरी माणूस असतो. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईच्या लॅबना रंग जुळवायला एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत, कारण पहिल्या कार्डावरच्या बाईचं नाव शर्ली होतं. ती गोरी होती. तिची कातडी बरोबर दिसली की रंग बरोबर, असा जगभरचा नियम. काळ्या मुलांचे चेहरे शाळेच्या फोटोत डोळे-दातांपुरते उरत, याचं कंपनीला फार वाटलं नाही. गडद रंगांचे बारकावे सुधारायला हवेत असा रेटा आला तो लाकडी फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांकडून, असं पुढे कोडॅकच्याच माणसांनी सांगितलं. माणसाच्या आधी टेबलाला न्याय मिळाला.

आपल्याकडे तर जातींची यादी करायलाही कॅमेरा वापरला गेला. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिशांनी 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. साडेचारशेहून जास्त छायाचित्रं, आणि खाली जमातींची नावं व स्वभावाचे शेरे. तिथे माणूस व्यक्ती म्हणून नाही, नमुना म्हणून उभा आहे. आणि ही नजर साहेबाबरोबर बोटीत बसून परत गेली असं समजू नका. ११ जुलै २०१६ ला उनामध्ये आपल्या तरुणांना मारलं, तेव्हा त्याचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढला आणि त्यांनीच पसरवला. मोबाईल त्यांच्यासाठी काठीइतकंच हत्यार होता.

सहाव्या रविवारी 'स्ट्रीट फोटोग्राफी'साठी वर्ग एका झोपडपट्टीत नेला. सर शिकवायला उत्तम आणि माणूसही सज्जन. म्हणाले, "इथे चेहरे फार छान मिळतात." मी अशाच वस्तीत वाढलो. बारा कॅमेरे गल्लीत शिरले. उघड्यावर अंघोळ करणारं पोर, चुलीवरचा धूर, आजीच्या सुरकुत्या, खटाखट खटाखट. मी एका दाराशी थांबलो. आतून म्हातारीने विचारलं, "फोटो कशाला रं काढताय? पुन्हा सर्व्हे आला का? पाडणार का घरं?"

तिच्या अनुभवात कॅमेरा घेऊन येणारा माणूस घरावर नंबर टाकायला येतो. ते बरोबरही आहे. मी कॅमेरा पिशवीत घातला आणि सरांशी वाद घातला. विचारल्याशिवाय तुमच्या सोसायटीत तुमच्या आईचा फोटो कुणी काढला तर चालेल का? सर म्हणाले, कलेत भावनिक होऊ नका. परतताना पूर्ण रस्ताभर मी मनात भाषण करत होतो.

पण घरी येऊन खोटं बोलता येईना. त्या दीडशे फोटोंत एक फोटो स्वच्छ आला होता. ट्यूबलाइटखाली बसून रडणारी एक मावशी, तिची मोटारसायकल जळाली होती. मी तिला न विचारता काढला. संघटनेच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो कुठे कुठे गेला देव नाही, मोबाईलच जाणे. महिनाभराने ती मला फोनवर म्हणाली, "दादा, माझा रडतानाचा फोटो समद्या पाहुण्यात फिरला. मी त्या दिवशी एकदाच रडले व्हते." त्या वर्गातल्या पोरांमध्ये आणि माझ्यात मग फरक काय? त्यांना तिच्या सुरकुत्या हव्या होत्या, मला तिचं रडणं. कॅमेरा ऑटोवर होता तसा मीही ऑटोवरच होतो. आपल्या लोकांचा फोटो म्हणजे पीडिताचा फोटो, हे मी कधी तपासलंच नव्हतं.

नजर बदलणारी माणसं झाली आहेत. गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय तरुणाने गहाणवटीच्या दुकानातून कॅमेरा घेतला आणि १९४२ साली वॉशिंग्टनमध्ये सरकारी कचेरी झाडणाऱ्या एला वॉटसन यांना अमेरिकेच्या झेंड्यासमोर झाडू आणि पोछ्यासह उभं केलं. आधी त्यांच्याशी बोलला, त्यांचं आयुष्य ऐकलं, मग फोटो. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. 'फँड्री'च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे, बघणाऱ्याकडे येतो. आणि बाबासाहेबांचे फोटो बघा. सूट, पुस्तकं, ताठ मान, सरळ नजर. ज्या समाजाला चांगले कपडे घालायला बंदी होती, त्याच्या नेत्याने स्वतःला कसं दाखवायचं हे दुसऱ्यावर सोडलं नाही. १९२० साली 'मूकनायक' काढण्यामागे जे कारण होतं तेच इथेही आहे: आपलं म्हणणं आपल्या हाताने मांडायचं.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना काही कामाच्या गोष्टी सांगतो. महागडा कॅमेरा नको, मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ हाताने ठरवता येतात. अंधार असेल तर आयएसओ वाढवा, शटर १/६० च्या खाली जाऊ देऊ नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. घटनास्थळाचे फोटो तीन अंतरांवरून काढा: पूर्ण गल्ली, मग ते घर, मग फुटलेला पत्रा जवळून, शेजारी पट्टी नाहीतर वही ठेवून, म्हणजे माप कळेल. कॅमेऱ्याची तारीख-वेळ आधी तपासा. मूळ फाइल पुसू नका, तिच्यावर फिल्टर मारू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि पोटातली माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा, नोंदवावा लागतो. हे वकिलाला घटनेच्या दुसऱ्याच दिवशी विचारा. आणि अत्याचारग्रस्त माणसाचा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. लैंगिक अत्याचार असेल तर ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे.

गेल्या १४ एप्रिलला मी त्या गावात पुन्हा गेलो. ओटा नव्याने बांधलाय. मावशीला विचारलं, फोटो काढू का? म्हणाली, "थांब, साडी बदलते." पांढरी साडी नेसून, पदर सारखा करून ती ओट्यावर बसली. मी डायल ऑटोवरून काढली, एक्स्पोजर अधिक एक केलं, मीटर साडीवरून चेहऱ्यावर आणला. पंधरा दिवसांनी मोठी प्रिंट तिला पोस्टाने पाठवली. तिचा फोन आला. म्हणाली, "भिंतीवर बाबासाहेबांच्या बाजूला लावलाय. पण दादा, त्यो पहिला फोटो मोबाईलमधनं काढून टाका की आता."

माझ्याकडून मी काढून टाकला. बाकीच्यांच्या मोबाईलमधला मला काढता येत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे असेल तर कृपया पुसून टाका. आणि आपापल्या विहारात महिन्यातला एक रविवार कॅमेऱ्यासाठी ठेवा. शिकवायला मी येतो, भाड्याचे पैसे नकोत.