बोथ्याचा घाट आणि एक कविता

खामगावच्या स्टँडवर आम्ही बुलडाण्याची एस.टी. धरली. सोबत समितीचे तिघे बंधू होते. बुलडाण्यातल्या एका वस्तीत भीमजयंतीनिमित्त कविसंमेलन होते. कापसाची काळी शिवारे मागे पडली आणि बोथ्याचा घाट लागला. दोन्ही बाजूंना ज्ञानगंगा अभयारण्य, एप्रिलच्या उन्हात उघडेबोडके उभे.

घाटातच वाद पेटला. वस्तीतल्या बारावीच्या एका मुलीने कविता पाठवली होती. जयंतीच्या मिरवणुकीत दारू पिऊन नाचणाऱ्या बापाला आणि भावाला तिने त्यात जाब विचारला होता. ‘समाजाची बदनामी होईल, तिचे नाव गाळा,’ असे दोघे म्हणाले. आम्हीही मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे.

मग आमची आम्हालाच लाज वाटली. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, तेव्हा त्यातल्या भाषेने पांढरपेशा वाचक हादरला; पण त्याच भाषेने मराठी कवितेचे दार आपल्या माणसांना उघडून दिले. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या बुलेटिनमध्ये छापली गेली, म्हणजे आमच्यासारख्या कारकुनांच्याच अंकात. अश्लीलतेचा खटला झाला. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. छापणाऱ्यांनी पूर्वीच माफी मागितली होती, ते सुटले. कवीवरचा आरोप मात्र कायम राहिला.

वाचकहो, कवितेचे तोंड फक्त सरकार आणि कोर्टच बंद करते असे नाही. बोलावणारे, छापणारे बाजूला सरले की कवी एकटा पडतो. इथे तर ना खटला, ना नोटीस, आपणच एस.टी.त बसून निकाल देत होतो. आणि ती पोर मागत तरी काय होती? विहारात आपण रोज म्हणतो ते पाचवे शील!

नाव राहिले. रात्री तिने कविता वाचली. पुरुषांच्या बाजूला कुजबुज झाली, दोघे-तिघे उठून गेले. बायांकडून एक म्हातारी आई म्हणाली, ‘‘पुन्हा वाच वं माय.’’ तिने पुन्हा वाचली.

सकाळी परतताना विरोध करणाऱ्या एका बंधूंनी त्या कवितेची झेरॉक्स मागून घेतली. कशाला, ते आम्ही विचारले नाही.