पापणीची कड

रुक्मिणी म्हणून रंगमंचावर येऊन मला जेमतेम दहा मिनिटं झाली होती. देवळासमोरचा मांडव भरलेला, चैत्रातला उकाडा, डोक्यावर दोन हॅलोजन. कृष्णाकडे मान वळवली आणि उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक काळी काडी उभी राहिलेली दिसली. पापणी सुटत होती. पेटीवाल्यांनी सूर दिला, पद सुरू करावंच लागलं. सबंध पद मी चेहऱ्याची उजवी बाजू लोकांपासून चोरून म्हटलं. सूर लागले, ताना बऱ्या गेल्या, पण रुक्मिणीचा रुसवा डोळ्यांतून जायला हवा, तो गेलाच नाही.

विंगेत येऊन हात लावायच्या आत पापणी गळून पडली. पायाखाली पाहिलं, निऱ्या झटकल्या, कुठेच नाही. सुभद्रेचं काम करणाऱ्या मुलीला ती सापडली, माझ्या खांद्यावर. पदर टाचलेल्या सेफ्टी पिनला जाऊन चिकटली होती.

चुंबकाच्या पापण्या मी हौसेनं घेतल्या नव्हत्या. आमचं नाटक मंडळ हौशी, पण ‘संगीत सौभद्र’ आम्ही मनापासून करतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८२ सालचं हे नाटक कोकणातल्या उत्सवांत अजून चवीनं पाहिलं जातं, आणि पाहणाऱ्यांना त्यातली पदं पाठ असतात. मांडवात शेवटी बसलेल्या आजींनाही रुक्मिणीची नजर दिसायला हवी. उजेडाच्या झोतात आपले स्वतःचे पापण्यांचे केस दिसेनासे होतात, डोळे चेहऱ्यात बुडतात. म्हणून वरून केस लावायचे. बारा वर्षं मी गोंदाच्या पापण्या लावल्या. मग एका प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात, दोन्ही पापण्या सुजून लाल. डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि गोंद बंद करायला सांगितलं. त्यातल्या कशाची तरी ॲलर्जी आली होती. इतकी वर्षं चाललेली गोष्ट एकाएकी कशी चालेनाशी होते, हे मला पटत नव्हतं. त्या म्हणाल्या, ॲलर्जी बऱ्याचदा अशीच येते, वापरता वापरता.

तेव्हा सुभद्रेनं, म्हणजे त्या मुलीनं, तिच्याकडच्या चुंबकाच्या पापण्या आणून दिल्या. “काकू, याला गोंद लागत नाही, फक्त लायनर.” पापणीच्या पट्टीला खालून पाच काळे ठिपके, मोहरीहूनही लहान. तीच चुंबकं. सोबतच्या लायनरमध्ये लोहाच्या ऑक्साइडची बारीक पूड असते. रेघ ओढायची, वाळू द्यायची आणि पट्टी जवळ न्यायची. अगदी जवळ नेली की पट्टी हातातून ओढली जाते आणि अगदी बारीक टक् आवाज करून बसते. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मला लहान मुलीसारखा आनंद झाला होता. घरी आरशासमोर पाच मिनिटं ठीक होतं, म्हणून तशीच उत्सवाला लावली.

माझी कातडी पहिल्यापासून तेलकट, त्यातून पापण्या जास्तच. कॉलेजात काजळ घातलं की दुपारपर्यंत डोळ्यांखाली काळे ओघळ. त्या रात्री रंगपटात सगळ्यांनी एकच निदान केलं: चुंबक कमी ताकदीचं. आमचे रंगभूषाकार काका चाळीस वर्षं दाढ्यामिश्या चिकटवतायत. तेवढे एक काही बोलले नाहीत. सेफ्टी पिनवरची पापणी त्यांनी चिमट्यानं उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि दिव्याखाली धरली. मग मला जवळ बोलावलं. पापणीच्या पट्टीखाली लायनरची जवळजवळ सगळी रेघ होती. वाळलेल्या रबरासारखी, लवचिक, काळी, अखंड. ती चुंबकांना घट्ट धरून होती.

“ताई, चुंबकानं काही सोडलेलं नाही. तुमच्या कातडीनं रेघ सोडली.”

ते पाहिल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. इथे दोन जोड असतात. पापणी आणि रेघ हा एक, रेघ आणि कातडी हा दुसरा. चुंबक फक्त पहिला सांभाळतं. दुसऱ्या जोडाखालून तेल झिरपलं की रेघेचा पापुद्रा सुटतो, आणि डोळ्यांची उघडझाप त्याला कडेनं उचलत राहते. बाहेरचा कोपरा आधी सुटतो, कारण तिथे कातडी सर्वांत जास्त दुमडते. जास्त ताकदीची चुंबकं आणली असती तर रेघ पापणीला अधिक घट्ट धरून राहिली असती आणि तरीही सुटलीच असती.

मग तेल घालवायचं, एवढंच मनात बसलं. इथे माझ्याकडून मोठी चूक झाली. मिश्यांचा गोंद काढायला काका जे स्पिरिट वापरतात, ते कापसावर घेऊन मी पापणीवरून फिरवलं. चार दिवस, रोज. पापणी कोरडी तर झाली, पण तिला बारीक पापुद्रे सुटले, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, आणि संध्याकाळी बँकेतून घरी येईपर्यंत डोळे पाण्यानं भरत. चुंबकाच्या पापण्या लावणाऱ्या कुणाही बाईला मी हात जोडून सांगेन, स्पिरिट डोळ्याच्या जवळपासही नेऊ नका.

डॉक्टरबाई यावेळी जरा रागावल्या. मराठीत पापणी म्हटलं की झाकण आणि त्यावरचे केस दोन्ही आले, पण त्यांनी मला तिसरीच गोष्ट दाखवली, ती म्हणजे पापणीची कड. भिंगाच्या यंत्रासमोर बसवलं आणि फोटो काढून दाखवला. केसांच्या मागे, बुबुळाच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढे ठिपके एका ओळीत. ही तेलाच्या ग्रंथींची तोंडं. सतराव्या शतकातल्या मायबोम नावाच्या जर्मन वैद्यावरून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. प्रत्येक उघडझापेला त्या कणभर तेल सोडतात, ते अश्रूंवर पसरतं आणि अश्रू उडून जायचे थांबतात. माझ्या ग्रंथींतलं तेल दाट झालेलं होतं आणि काही तोंडं बुजली होती. वर मी स्पिरिट फासलेलं. “हे तेल डोळ्याचं आहे हो,” त्या म्हणाल्या, “तुमच्या मेकअपचं नाही. कातडीवरचं जास्तीचं टिपा, पण कडेचं घालवू नका.”

तोपर्यंत मी माझ्या तेलकट पापण्यांना दोषच समजत आले होते. त्या फोटोतली ठिपक्यांची ओळ पाहिल्यापासून तसं वाटत नाही.

पंधरा दिवस डोळ्यांना काहीही लावलं नाही. सकाळी कोमट पाण्यात पिळलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर ठेवायचा, मग कडेची हलकी सफाई, इतकंच. या दिवसांत आणखी एक गोष्ट लक्षात आली. पापण्यांचे केस दाट व्हावेत म्हणून मी आईच्या सवयीनं रात्री एरंडेलाचं बोट फिरवत असे. शिवाय डोक्याला खोबरेल, आणि झोपताना चेहऱ्याला क्रीम. निम्मं तेल तर मीच आणून ठेवत होते.

डोळे निवल्यावर एका रविवारी घरीच परीक्षा घेतली. दोन्ही डोळ्यांना एकाच डबीतल्या पापण्या. उजव्या पापणीवर नेहमीसारखा फाउंडेशनचा हात आणि त्यावर एक जाड रेघ. डाव्या पापणीवर फाउंडेशन नाही. ती धुऊन, टिपून, ब्रशनं सुट्या पावडरचा अगदी पातळ थर, जास्तीची झटकलेली. मग लायनरची पातळ रेघ, पूर्ण वाळल्यावर दुसरी, ती वाळल्यावर तिसरी. रेघ केसांच्या मुळांच्या वर, कातडीवर. आतल्या कडेवर मुळीच नाही. पट्टीचं बाहेरचं टोकही मी शेवटच्या चुंबकाच्या पुढे कापून टाकलं, म्हणजे ती कोपऱ्यातल्या घडीपर्यंत पोचणार नाही. असं करून स्वयंपाकाला लागले. भात, आमटी, पोळ्या, तव्याची धग. उजवी पापणी वीस मिनिटांत कोपऱ्यातून उठली. डावी जेवणं झाली, ओटा आवरला, तासभर रियाझ झाला, तरी होती तिथेच होती.

पुढचा प्रयोग वैशाखात, शेजारच्या गावी. आदल्या रात्री एरंडेल नाही, क्रीम नाही. काकांनी आधी माझे डोळे केले, चेहऱ्याचं पॅनकेक नंतर, आणि पापण्यांपासून अंतर राखून. आधी वापरलेल्या पट्टीच्या चुंबकांवर जुन्या लायनरचे कण साचलेले होते, ते त्यांनी नखानं एकेक काढले. त्या कणांमुळे पट्टी टेकते पण बसत नाही. मध्यंतरात मी टिश्यू पेपरचा तुकडा दुमडून रेघेच्या वरच्या बाजूला नुसता टेकवला. घासलं नाही. कागदावर तेलाचा पारदर्शक डाग उमटला, चंद्रकोरीसारखा.

रुक्मिणी रुसली तेव्हा मी मान वळवली नाही. कृष्णाकडे सरळ पाहिलं, पापण्या सावकाश खाली नेल्या, पदाच्या पहिल्या सुरावर वर उचलल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी “वा!” म्हणालं. ती दाद सुराला होती की नजरेला, कोण जाणे. मला मात्र त्या क्षणी डोळ्यांवर काही चिकटवलेलं आहे याची आठवणही नव्हती.

रात्री दीड वाजता रंगपटात कापसावर थोडं खोबरेल घेतलं आणि मिटल्या पापणीवर धरून ठेवलं. ओढायचं नाही, तेलाला त्याचं काम करू द्यायचं. मिनिटाभरात रेघ आपोआप मऊ झाली आणि पापणी अलगद हातात आली. मग डोळे धुतले, कडा स्वच्छ केल्या. काकांनी दोन्ही पट्ट्या कोरड्या पुसल्या आणि त्यांच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून लावून ठेवल्या, बलरामाच्या मिश्यांशेजारी. टक्, टक्.

“बाहेरचं टोक अजून एक केसभर कापू,” झाकण लावता लावता ते म्हणाले. “पुढचा प्रयोग ज्येष्ठात आहे, ताई. हवेत पाणी असणार.”